उताणी

आधी जमिनीवर निजलो.
कुंदानं खडू घेऊन माझ्याभोवती रेघ मारली,
टाचा, ढोपरं, कंबर, खांदे.
म्हणाली, झाला पंचनामा, उठा आता.
उठलो. फरशीवर जो उरला होता
तो माझ्यापेक्षा वेगवान दिसत होता.

पहिली फ्रेम सोफा-कम-बेडच्या पाइपाची.
वेल्डिंग इक्रामभाईंचं, रात्री दहानंतर,
कूलर-स्टँडांची ऑर्डर उरकली की.
डोळ्यांवरची काच वर करून त्यांनी विचारलं,
"काहून बे, बसून चालवाले का झालं तुले?"
मी पाठीचा एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला.
त्यांनी काच खाली केली, ठिणग्या सुरू.

ती फ्रेम सरळ जायचं नाव घेईना.
पेडल मारलं की हँडल भलतीकडे,
हिंगण्याच्या शेडमागची भिंत तीनदा भेटली.
मग फोर्काचा कल दोन अंशांनी बदलला.
दोन अंश म्हणजे कोनमापकावर नखाएवढे,
रस्त्यावर एक मनगट.

साखळी अडीच सायकलींची, जोडून एक.
आठवडाभर बोटं काळी,
सकाळी पोह्यांच्या तर्रीत ग्रीसचा तवंग.
मधली पुली नायलॉनची, लेथवर कापलेली,
सहा वेळा कुरकुरली, सहा वेळा फेकली.
सातवी गप्प बसली तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं:
टायर, डांबर,
आणि कुणीतरी धापा टाकतंय. मीच.

मे महिना. सेहेचाळीस.
फायबरची सीट म्हणजे तवा.
जुन्या कूलरची वाळ्याची ताटी कात्रीनं कापली,
जाळीत शिवून पाठीखाली घातली.
निघताना पाण्याचा एक हबका मारायचा,
की वर्धा रोडवर दुपारच्या झोपेचा वास घेऊन
मी पस्तीसनं जातो.

मागची शेपटी निवडणुकीतल्या फलकाची.
पडलेल्या उमेदवाराचे जोडलेले हात
ट्रकवाल्यांना नमस्कार करत मागे मागे येतात.
खामल्याच्या पानठेल्यावरून कुणी ओरडलं,
"पाहा बे, तिरडी सोताच चालली!"
म्हटलं, या ना खांदा द्यायला,
पण पळत या.

उताणं गेलं की शहराचं पोट दिसतं.
मेट्रोच्या पुलाखालचे बोल्ट,
कडुनिंबाच्या पानांची फिकी बाजू,
तारेत अडकलेला संक्रांतीचा मांजा.
चार महिने मेडिकलच्या वॉर्डात
एकच छत पाहिलं होतं, एकच पंखा,
त्याची एक पाती वाकडी.
आता छत मागे पळतं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाहेरचा रिंग रोड, पहाटे सव्वापाच.
चुन्याच्या दोन रेघा, मध्ये दोनशे मीटर.
इक्रामभाईंच्या हातात
भाच्याच्या पीटी-मास्तरांचं स्टॉपवॉच.
सोळा पूर्णांक चार.
सीट अजून निजवली: सोळा एक.
आरसा काढून टाकला: पंधरा नऊ.
तेव्हापासून मागून काय येतंय
ते मला ठाऊक नसतं.

कार्बनच्या सायकलींवरची चार पोरं
जामठ्याच्या अलीकडे मागे पडली,
मग सिग्नलला गाठून एकानं विचारलं,
"काका, केवढ्याची?"
मी मनात बेरीज करू लागलो,
पाइप, वाळा, गिअर इतवारीच्या भंगारातला...
सिग्नल सुटला.

अजून डावीकडे वळताना टाच चाकाला घासते.
पुढली फ्रेम बोटभर लांब हवी.
काल रात्री तीच आखत बसलो होतो,
तर भांडी आवरून कुंदा शेडमध्ये आली,
पदर खोचला, चष्मा काढून बाकावर ठेवला,
आणि फरशीवर निजली.

"घ्या माप," म्हणाली.
"माझे पाय आखूड हायेत,
साखळी कमी लागन."